टोप्यांचा बुधवार

फेब्रुवारीचा पहिला बुधवार अमेरिकेत सुटीचा नसतो. तरी अलाबामा, ओहायो, टेक्सास अशा राज्यांत त्या दिवशी घराचं कर्ज फेडणारी, गुडघ्यांना पट्टा लावणारी, पन्नाशी गाठलेली माणसं ऑफिसात बसून कामाचं नुसतं नाटक करत आली आहेत. त्यांचं सगळं लक्ष कुठल्यातरी गावच्या शाळेतल्या एका टेबलाकडे. टेबलामागे सतरा-अठरा वर्षांचा धिप्पाड मुलगा, शेजारी आई, मागे आजी, समोर कॅमेरे आणि टेबलावर ओळीने मांडलेल्या तीन-चार टोप्या. प्रत्येक टोपीवर एकेका विद्यापीठाचं चिन्ह. मुलगा जी टोपी डोक्यावर चढवील, त्या विद्यापीठाकडून तो फुटबॉल खेळणार. (हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा, पायाचा संबंध बेताचाच.) त्या टोपीच्या गावात दिवाळी, बाकीच्या टोप्यांच्या गावांत सुतक.

२०१७ पासून डिसेंबरातही सही करायची मुभा मिळाली आणि बहुतेक मुलं तेव्हाच मोकळी होऊ लागली. चाहत्याची सोय एवढीच झाली की आता सुतक नाताळाच्या आधी उरकतं.

या चाहत्याला स्वतःच्या मुलीच्या वर्गशिक्षिकेचं नाव विचारा, तो बायकोकडे बघेल. पण फ्लोरिडातल्या एका अकरावीतल्या पोराची उंची, वजन, चाळीस यार्ड पळायला लागणारे सेकंद आणि त्याच्या मामाचा कल कुठल्या विद्यापीठाकडे आहे, हे त्याला झोपेतही सांगता येतं. त्या पोराला तो कधी भेटलेला नाही. भेटायची परवानगीच नाही! कॉलेज क्रीडेची नियामक संस्था एनसीएए हिच्या मते विद्यापीठाच्या हितचिंतकांनी मुलांना गळ घालणं हा नियमभंग. २००९ मध्ये जॉन वॉल या बास्केटबॉलपटूने आपल्याकडे यावं म्हणून नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या एका विद्यार्थ्याने फेसबुकवर गट काढला, तर खुद्द विद्यापीठानेच त्याला ‘हे थांबवा’ असं पत्र धाडलं. वॉल शेवटी केंटकीला गेला. चाहत्याने काय करायचं, तर फक्त तळमळायचं.

तळमळीला आकडे लागतात, ते पुरवायला मानांकन कंपन्या आहेत. मुलांना दोन ते पाच तारे मिळतात. ‘२४७ स्पोर्ट्‌स’चा रिवाज असा की पंचतारांकित मुलं साधारण ३२ ठेवायची, कारण व्यावसायिक एनएफएलच्या निवडीच्या पहिल्या फेरीत ३२ जागा असतात. म्हणजे देशभरातल्या हजारो शाळकरी पोरांमधून चार वर्षांनंतरचे ३२ नवकोट नारायण आजच हेरायचे. आपल्याकडे पत्रिका बघणारेही इतकं छातीठोकपणे बोलत नाहीत.

चुकाही तशाच नामी होतात. जे. जे. वॉटला दोन तारे होते. तो सेंट्रल मिशिगनला गेला, तिथून बाहेर पडला, काही काळ घरोघर पिझ्झा पोहोचवला आणि शिष्यवृत्तीशिवाय विस्कॉन्सिनच्या संघात शिरला. पुढे तीन वेळा एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ गावच्या शेतकऱ्याचा मुलगा जॉश ॲलन याला तर एकाही मोठ्या विद्यापीठाने विचारलं नाही. छोट्या कॉलेजात खेळून त्याने देशभरच्या प्रशिक्षकांना ईमेल पाठवले, तेव्हा कुठे वायोमिंगने हात दिला. २०२४ च्या हंगामात तो एनएफएलचा सर्वात मौल्यवान खेळाडू होता.

ही उदाहरणं चाहत्याला तोंडपाठ असतात आणि ती तो फक्त एकाच प्रसंगी काढतो: आपल्या संघाला तीन तारेवाली पोरं मिळाली की. पाच तारे गळाला लागले त्या वर्षी वॉट आणि ॲलन हे अपवाद ठरतात. आणि खरं सांगायचं तर त्याचं गणित तेव्हाच बरोबर असतं. २०११ ते २०२४ या हंगामांतल्या प्रत्येक राष्ट्रीय विजेत्याने आधीच्या चार वर्षांत घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त चार-पाच ताऱ्यांची होती. वेडेपणा आहे, पण हिशोबाला धरून.

चाहता तळमळतो तेव्हा प्रशिक्षक काय करतात? लाखो डॉलर पगाराचा माणूस पोराच्या घरी सोफ्यावर बसतो, आईच्या हातचं जेवण वाखाणतो, आजीची तब्येत विचारतो. मिशिगन विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक जिम हारबॉ यांनी यात कहर केला. जानेवारी २०१६ मध्ये भेटीगाठींची मुदत मध्यरात्री सुरू होताच ते क्विन नॉर्डिन या किकमारू मुलाच्या घरी थडकले आणि तिथेच मुक्काम ठोकला. दुसऱ्या एका मुलाच्या अंगणातल्या झाडावरही ते चढले. नॉर्डिन मिशिगनला आला; चाहत्यांच्या मते प्रशिक्षकाचं वय वगैरे गोष्टी गौण.

अलाबामाची तऱ्हा निराळी. अल्विन कमारा या मुलाच्या घरी त्यांनी एका दिवसात १०५ पत्रं पाठवली. तो आला, पहिल्या वर्षी दुखापतीने बसून राहिला, एकही सामना न खेळता निघून गेला आणि नाव काढलं ते टेनेसी आणि नंतर न्यू ऑर्लीन्समध्ये. सहीचे कागद फॅक्सने यायचे त्या काळात याच अलाबामाने फॅक्सच्या यंत्रासमोर कॅमेरा लावला होता. चाहते कागद बाहेर येण्याची वाट बघत ते थेट प्रक्षेपण बघत होते. रंग वाळताना बघणाऱ्यांना निदान शेवटी भिंत तरी मिळते.

एकंदरीत या प्रकारात पोक्तपणे वागतात ती मुलंच. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी जेकब कोपलंडने टीव्हीवर फ्लोरिडाची टोपी निवडली. शेजारी आई बसली होती, अंगात अलाबामाचा स्वेटशर्ट, डोक्यावर टेनेसीची टोपी. ती उठून चालती झाली. पोरगा जागचा हलला नाही. थोड्या वेळाने आई परतली आणि तिने त्याला मिठी मारली. घराघरांतल्या चाहत्यांपैकी अलाबामावाले आणि टेनेसीवाले मात्र अजून परतलेले नाहीत.

पैशाचं सोवळं फार वर्षं होतं. खेळाडूंना चोरून पैसे दिले म्हणून १९८७ मध्ये सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा अख्खा हंगाम रद्द झाला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमवायची मोकळीक मिळाली आणि तेच पैसे उजळ माथ्याने वाहू लागले. विद्यापीठागणिक चाहत्यांची मंडळं निघाली. खेळ पैशाने नासला असं वर्षानुवर्षं ओरडणाऱ्या चाहत्याकडे आता त्याच पैशासाठी दरमहा वर्गणी मागतात. तो कुरकुरतो, मग कार्डाचा नंबर देतो.

आणि नेमकं तेव्हाच त्याला आपली पायरी कळते. मिशिगन राज्यातल्या बेलव्हिलमधला ब्राइस अंडरवुड हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू) लुइझियाना स्टेटला शब्द देऊन बसला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने शब्द फिरवून मिशिगन विद्यापीठ गाठलं. मिशिगनच्या चाहत्यांच्या मंडळाने जाहीर आभार मानले, ते ओरॅकलचे लॅरी एलिसन आणि त्यांच्या पत्नीचे. महिना वीस डॉलर भरणाऱ्या ॲन आर्बरच्या (म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावच्या) चाहत्याने तरीही शेजाऱ्याला सांगितलंच, “आणला की नाही आपण पोराला!”