श्री. मानधन यांस, सा. न. वि. वि.

श्री. मानधन
(कर्नाटकात राहायला आल्यापासून ‘गौरवधन’) यांस,

सा. न. वि. वि.

एप्रिल निम्मा सरला आणि मार्चमधले तुम्ही अजून पोचला नाहीत, म्हणून हे पत्र. खासगीच धाडणार होते, पण तुमचा पत्ता कुणाला ठाऊक नाही. शाळेत विचारलं तर ऑफिसात असतील म्हणतात. ऑफिसात विचारलं तर वरूनच निघाले नाहीत म्हणतात. वर म्हणजे कुठे, हे विचारायची पद्धत नाही. तेव्हा चारचौघांत लिहिते. कुणीतरी वाचून दाखवीलच.

आधी नावाचं बोलू. मी सांगली जिल्ह्यातली, लग्न होऊन म्हैसूरला आले. तिकडे तुम्ही ‘मानधन’ होतात, इथे आल्यावर कळलं की तुम्ही ‘गौरवधन’ झालात. गावागणिक नाव बदलून राहणाऱ्या माणसाला आमच्याकडे उसनं देत नाहीत. तुमचं मात्र नवल आहे. दोन्ही नावांतून धन वजा केलं की मान आणि गौरव उरायला हवेत. मी बोटांवर मोजून पाहिलं, तर प्रत्यक्षात उरते ती रेव्हेन्यू तिकिटावरची सही.

आमच्या समोरच्या घरातल्या अक्का सरकारी प्राथमिक शाळेत अतिथी शिक्षिका आहेत. तालुका कोणता ते लिहीत नाही, नाहीतर जूनच्या यादीत त्यांचं नाव नसायचं. पहाटे साडेपाचला त्यांच्या कुकरची शिट्टी होते, सहाला फाटक वाजतं. सबर्ब स्टँडवरून दीड तास बस, पुढे दोन किलोमीटर पायी. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून त्या तुमच्याबद्दल जरा बरं बोलतात. त्याआधी तुमच्यातला बराचसा भाग कंडक्टरच्या पिशवीत जायचा. म्हणजे तुमची अब्रू परिवहन खात्यानं राखली, शिक्षण खात्यानं नव्हे. त्यांचे आभार मानायला विसरू नका.

‘अतिथी’ या शब्दाची फोड आम्हाला शाळेत शिकवली होती: ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, तो अतिथी. अक्का शाळा सुरू झाली की रोज साडेनवाच्या आत हजर असतात. तिथी ठरलेली नसते ती तुमची. कधी दोन महिन्यांनी येता, कधी तीन महिन्यांचे एकदम. व्याकरणानं पाहिलं तर शिक्षक अक्का आणि अतिथी तुम्ही. मस्टरवर चुकून उलटं लिहिलं गेलंय.

आता तुमच्या अंगाबांध्याकडे वळते. २०२५च्या राज्य अर्थसंकल्पात तुमच्या अंगावर दोन हजार चढले. प्राथमिकला दहाचे बारा हजार झालात, हायस्कूलला साडेबारा. अभिनंदन. त्याच्या आदल्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ पासून, राज्याच्या सातव्या वेतन आयोगानं सगळ्यात खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन १७,००० वरून २७,००० रुपयांवर नेलं. त्यात कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही, त्या पगारातही घर चालवणं सोपं नाही. फक्त एवढंच की हायस्कुलात घंटा वाजवणाऱ्याचं नुसतं मूळ वेतन, घंटेनंतर वर्गात शिरणाऱ्या अतिथीच्या दुपटीहून जास्त आहे. आणि त्याच म्हैसुरात केंद्रीय विद्यालयातल्या प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन सुरू होतं ३५,४०० पासून. तिघांचा सूर्य एक, तिघांची भाजीवाली एक. देवराज मार्केटात वांगी घेताना कुणी विचारत नाही, बाई, तुमची पायरी कुठली?

तुम्ही म्हणाल, पगार गावाप्रमाणे असतो. असतो ना. केंद्राच्या हिशेबात म्हैसूर ‘वाय’ वर्गाचं शहर आहे, म्हणून घरभाडं मूळ वेतनाच्या २० टक्के. राज्याच्या हिशेबात बंगळूरला २०, म्हैसूरला १५, आणि खेड्यात उतरलं की साडेसात टक्के. खेड्यात भाडं कमी, हे तत्त्व कागदावर बिनतोड आहे. पण भाड्यानं द्यायला घर खेड्यात असतं कुठे? असलंच तर मास्तरांच्या बायकोची नोकरी आणि मुलांची शाळा म्हैसुरात असते. मग कायम नोकरीचा शिक्षकही घरभाडं घेतो खेड्याचं, भरतो शहराचं, आणि डोळा ठेवतो बदलीच्या यादीवर. ज्या मुलांच्या घरात पाटीसुद्धा पहिल्यांदाच आली, त्यांच्याजवळ राहायचे पैसे कमी. ज्यांना आई, बाबा आणि ट्यूशन असे तिघे शिकवतात, त्यांच्या शहरात राहायचे जास्त. हे कोष्टक ज्यानं आखलं त्याला गणित येत होतं, बसचं वेळापत्रक येत नव्हतं.

तुमच्या महाराष्ट्रातल्या गोतावळ्याचीही खबर देते, बरेच दिवस भेट नसेल. माझा धाकटा भाऊ जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागला. तीन वर्षं सेवा करायची, मग शिक्षक व्हायचं. तोवर पोरांना सगळं शिकवायचं, पण शिक्षक म्हणवून घ्यायचं नाही. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे जानेवारी २०२३ पासून सहाचे सोळा हजार झाले, म्हणून तिकडचं तुमचं भावंड तुमच्यापेक्षा जरा धष्टपुष्ट. तीन वर्षं सरली की मूळ वेतन २९,२००. त्याच्या वर्गात घरी कानडी बोलणारी पोरं आहेत. फोनवर माझ्याकडून कानडी शब्द विचारून घेतो. त्याला मानधन म्हणून तुमचं ते भावंड, मला कोण?

आणि विनाअनुदानित शाळांतले आमचे मित्र. २००९ साली ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ हा शब्द सरकारनं काढला. मग अनुदान टप्प्याटप्प्यानं द्यायचं ठरलं, वीस टक्के, चाळीस टक्के, असं. लग्नाच्या बोलण्यांत मुलगा काय करतो म्हटलं की सांगतात, शिक्षक आहे, चाळीस टक्के. टप्प्यासाठी आझाद मैदानावर पावसात बसलेला मास्तर तुम्हाला पाहायचा असेल, तर वेगळं तिकीट काढायला नको. विधिमंडळाच्या कुठल्याही पावसाळी अधिवेशनाला या.

मी स्वतः एका खासगी शाळेत चार वर्षं काढली. नाव नको. दर्शनी भाग काचेचा, आत स्मार्ट बोर्ड, फीच्या पावतीवर सोनेरी बोधचिन्ह. तिथे अठरा हजारांवर सही घ्यायचे आणि पाकिटात नऊ घालायचे. पहिल्या महिन्यात पाकीट मोजून मी भाबडेपणानं म्हटलं, सर, निम्मे राहिले बहुतेक. क्लार्कनं इतक्या सहानुभूतीनं पाहिलं की मीच ओशाळले. पालक काच बघून प्रवेश घेत, आणि काचेमागच्या आम्ही दर जूनला नव्या असायचो. तिसरीच्या एका पोरीनं मला पहिल्याच तासाला विचारलं होतं, “मिस, तुम्ही कधीपर्यंत?”

आता तुमचा हुकमी एक्का. मला ठाऊक आहे, पाठीवर फार धपाटे बसले की तुम्ही संशोधनाचे कागद काढता. काढा. २००३ साली वीस राज्यांतल्या ३,७०० शाळांना न सांगता भेटी दिल्या गेल्या. चारातला एक शिक्षक गैरहजर निघाला. महाराष्ट्रात १५ टक्के, झारखंडात ४२. जास्त पगाराचा शिक्षक जास्त हजर, असं काही दिसलं नाही. इंडोनेशियानं २००५च्या कायद्यानं प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचं मूळ वेतन दुप्पट केलं. शिक्षक सुखावले, जोडधंदे कमी झाले, पण पोरांचे गुण जागचे हलले नाहीत. आणि आंध्रातल्या खेड्यांतल्या शंभर शाळांत कंत्राटी शिक्षक दिले, पगार साधारण पाचवा हिस्सा, तर पोरं पुढे गेली. हे वाचून तुम्ही आरशात बघून मिशीला पीळ दिला असणार.

जरा थांबा. कागद नीट उलटा. आंध्रात तो शिक्षक जादा दिला होता, असलेल्या शिक्षकांच्या बरोबरीनं. आमच्या अक्का रिकाम्या खुर्चीवर बसतात. तिथे तुम्ही आमटीत वरून घातलेली फोडणी होता, इथे डाळीच्या जागी तुम्हीच. वीस राज्यांच्या त्या पाहणीत कंत्राटी शिक्षकांची हजेरीही काही झळाळून उठली नव्हती. ज्या शाळा पक्क्या रस्त्याजवळ होत्या, जिथे तपासणी नुकती झालेली होती, जिथे इमारत जरा बरी होती, तिथे शिक्षक जास्त सापडले. तो भाग वाचून कुणी अतिथी डांबर नेमल्याचं ऐकिवात नाही.

बरं, चांगली शाळा कशी होते हे विचारायला म्हैसूरकरांना इंडोनेशियाला जायची गरजच नव्हती. १९९५च्या सुमारास याच जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, म्हणजे काबिनीच्या काठी, जंगलाच्या कडेला, सरकारी शिक्षक ऋषी व्हॅलीच्या शाळा पाहून आले. परतून त्यांनी वर्गाची मांडणी मोडली. पाठ्यपुस्तकाऐवजी कार्डं आली, पोरं आपापल्या वेगानं शिडी चढू लागली. नाव ठेवलं ‘नली-कली’, आनंदानं शिक. युनिसेफची मदत होती. पुढे ती पद्धत राज्यभर पहिली ते तिसरीत गेली. त्या शिक्षकांना त्यासाठी जादा दमडी मिळाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. पण ते पुढच्या जूनमध्ये त्याच वर्गात असणार होते. कार्ड बनवायला एक वर्ष लागतं आणि त्यातली चूक कळायला दुसरं. जून ते मार्च असा मुक्काम असलेला माणूस कार्ड कापायला कात्री घेईलही, पण पोरं चौथीत गेलेली तो कुठल्या शाळेतून पाहणार?

याच शहरात १९६३पासून शिक्षक घडवणारी केंद्राची संस्था आहे, मानसगंगोत्रीच्या परिसरात. दक्षिणेतल्या राज्यांचे शिक्षक तिथे तयार होतात. आणि भारतीय भाषा संस्थेच्या दक्षिणी केंद्रात दुसऱ्या राज्यांतले कायम शिक्षक दहा महिने कानडी, तमीळ शिकायला येतात. मला तिथले एक मराठवाड्यातले गुरुजी भेटले होते. वही उघडून ‘नानु’, ‘नीनु’ गिरवत होते, पगार गावाकडे चालू. गुणी माणूस, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. दहा महिने शिकायला पूर्ण पगार आणि दहा महिने शिकवायला तुम्ही, एवढा हिशेब मात्र मला अजून सोडवता आलेला नाही.

इथे दसऱ्याला हत्ती येतात. आल्या आल्या वजनकाट्यावर चढवतात, मग खुराक सुरू, पुन्हा वजन. साडेसातशे किलोची अंबारी पेलायची तर खुराक आधी द्यावा लागतो, मिरवणुकीनंतर नव्हे, हे कुठल्याही माहुताला कळतं. त्यांची बैठक आणि वित्त विभागाची बैठक एकदा एकाच दिवशी ठेवून पाहायला हवी.

आमचे आर. के. नारायण तरुणपणी काही दिवस शाळामास्तर होते. मुख्याध्यापकांनी पीटीच्या मास्तरांच्या जागी उभं राहायला सांगितलं, तर नोकरी सोडून आले. अक्का पीटी घेतात, अंडी-केळी मोजतात, दाखले लिहितात, तिसरीबरोबर चौथी सांभाळतात. सोडून येत नाहीत. कादंबरी लिहिण्याइतकी सवड तुम्ही कुणाला दिलेली नाही.

बाकी सर्व क्षेम. अक्का आत्ताच बसमधून उतरल्या, दारात चपला काढताहेत. मी विचारलं, आले का हो? त्यांनी मान हलवली. इथल्या मान हलवण्यातून होय की नाही ते मला इतक्या वर्षांत ओळखता आलं नव्हतं, पण या वेळी ओळखता आलं.

आपली,
एक माजी मिस, म्हैसूर

ता. क. — येताना एक रुपयाची रेव्हेन्यू तिकिटं घेऊन या. शाळेतली संपलीत, आणि ती अक्कांनीच स्वतःच्या पैशांनी आणली होती.