आढीतलं गाणं

आमच्या नेरूळच्या सोसायटीत रविवारी सकाळी साडेदहानंतर जिन्यात धावायचं नाही, असा अलिखित नियम आहे. तिसऱ्या मजल्यावर काकांची रेकॉर्ड लागलेली असते आणि सिडकोच्या स्लॅबवरून कुणी टाच आपटून गेलं तरी सुई उडी मारते. विलंबित ख्यालातून थेट द्रुतात. "बुवांनी उभ्या जन्मात घेतली नाही ती तान तुम्ही त्यांच्या गळ्यात घातलीत!" हे मी स्वतः ऐकून घेतलेलं वाक्य आहे.

काका मूळचे देवगडकडचे. तुर्भ्याच्या फळबाजारात त्यांनी वर्षानुवर्षं आंब्याचा गाळा चालवला. गाळा मुलाकडे गेला, पारख मात्र त्यांच्याकडेच राहिली आणि ती तबकड्यांवर उतरली. रेकॉर्ड हातात आली की आधी हुंगतात. मग दोन्ही तळव्यांत कडेनं धरून उजेडात तिरकी करतात आणि देठाशी डाग शोधावा तसे ओरखडे शोधतात. खाचांना बोट लागू देत नाहीत. हाताळलेला माल टिकत नाही म्हणे. पेट्या बनवणाऱ्या सुताराकडून त्यांनी खास खोकी करून घेतली आहेत, बारा इंची तबकडी उभी राहील अशी. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात. आंबा आडवा आणि रेकॉर्ड उभी, एवढं सोडलं तर या दोन धंद्यांत त्यांना काही फरक दिसत नाही. पावसाळा दोघांचाही वैरी.

मोबाइलवरच्या गाण्यांना काका 'कार्बाइडचा माल' म्हणतात. रंग झकास, बारा महिने हजर, चव शून्य. रेकॉर्ड म्हणजे आढीतला आंबा. पेंढ्यात हात घालून आठवडाभर वाट पाहायची तयारी असेल त्यानंच त्या वाटेला जावं. त्यामुळे गाणं लागायच्या आधी अर्धा तास ब्रश, मऊ फडकं, सुईवर फुंकर. मग वीस-बावीस मिनिटं गाणं, की पुन्हा उठा, तबकडी उलटा. काकू म्हणतात, "बावीस मिनिटांसाठी जेवढं पुसतात, तेवढी खिडकी पुसली असती तर घरबसल्या पाम बीच रोड दिसला असता."

एकदा मी शहाणपणा केला. मोजमापात सीडीच सरस, असं म्हणालो. खरखर नाही, अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज तिला जास्त पेलतो, शिवाय सुई दर खेपेला खाच थोडी झिजवते ते वेगळंच. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि कधीच न नासणारा आंबा तुम्ही खाल्लाय का हो?"

यावर अजून उत्तर सापडलेलं नाही.

त्यांच्याकडे लाखेच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्याही आहेत. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्या काढल्या की गौहर जानची गोष्ट ठरलेली. 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झालं तेव्हा गाणं संपवताना ती इंग्रजीत आपलं नाव पुकारायची, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि गाणारी कोण हे तिथल्या लोकांना कळायला हवं. "पेटीवर बागायतदाराचं नाव नको?" काका विचारतात. पाहुणा मान डोलावतो. दुसरा इलाज नसतो, चहा गाणं संपल्यावर मिळतो.

खरेदीला ते हार्बर लोकलनं सँडहर्स्ट रोडला उतरून चोर बाजारात जात. एका शुक्रवारी मीही बरोबर होतो. काकांनी सवयीनं दुकानदाराच्या हातावर रुमाल टाकला आणि खालून बोटं दाबून भाव सांगितला. फळबाजारात हा हत्त्याचा सौदा रोजचाच. त्या माणसानं भेदरून हात ओढायला सुरुवात केली. काका बोटं सोडीनात. शेवटी तो म्हणाला, "चाचा, हाथ छोड़ो, ले जाओ."

मग 2024 मध्ये नवी मुंबईतच रेकॉर्डी छापायचा कारखाना सुरू झाल्याची बातमी आली. काकांनी सोसायटीत पेढे वाटले. बागच दारात आली! त्या आनंदात त्यांनी एक नवीकोरी रेकॉर्ड मागवली, हुंगली, वाजवली, आवाजातल्या उबेबद्दल मला पाऊण तास सांगितलं. तेवढ्यात नातवानं फोनवर काहीतरी वाचून जाहीर केलं, की हल्लीच्या बऱ्याच नव्या रेकॉर्डी डिजिटल फाइलवरूनच कोरतात.

काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले. "माल कार्बाइडचा असेलही," ते म्हणाले, "पण पेटी ओरिजिनल आहे."

येत्या रविवारीही बैठक आहे. येणार असाल तर साडेदहाच्या आत या, आणि उशीर झालाच तर चपला हातात घेऊन जिना चढा.