याआधी हात कुणी घातलावता?

वस्तादांकडे गाडी न्यायची म्हणजे आधी जबानी द्यावी लागते. मागचं चाक गळतंय एवढं सांगून भागत नाही. कधीपासून गळतंय? भरल्या गाडीला की रिकाम्या? घाट चढून आल्यावर की रात्रभर उभी राहिल्यावर? आणि उभी केली होती ती सपाटीला की कलती? डायव्हर बिचारा पहाटे चाकणहून निघालेला, खंबाटकीचा घाट उतरताना डावीकडची जोडी ब्रेक धरत नाही म्हणून पोटात गोळा आलेला. त्याचं म्हणणं सोपं असतं : तेलाचं सील गेलंय, नवीन टाका, सोडा. वस्ताद काडेपेटीतल्या काडीने कान कोरत म्हणतात, "सील जात नसतंय. सील घालवत्यात."

असा एक वस्ताद प्रत्येक हायवेला असतो. आमचा भुईंजच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. आमच्या दाजींचा ट्रक त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, असं दाजी म्हणतात. खरं तर दाजीच लावू देत नाहीत. वस्तादांची साठी कधीच उलटली आहे. डोक्यावर टोपी, तिच्या उजव्या कडेवर तेलाच्या बोटांचे ठसे. दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा माणसं बघायला लागत नाही, फक्त सीलवरचा नंबर वाचायला डोळ्यांवर चढतो.

चौकशी संपली की तपासणी. वस्ताद चाकाच्या आतल्या बाजूने हात घालतात आणि टायरच्या पोटावरून बोट फिरवून बाहेर काढतात. अंगठ्यावर चोळतात. मग हुंगतात. गिअर ऑइलात गंधकाचा अंश असतो, त्यामुळे गिअरच्या दाताला दात घासला तरी झीज कमी होते, आणि त्यामुळेच त्याला तो नाकात बसणारा उग्र वास येतो. मोठ्या गाडीला हवेचा ब्रेक, म्हणजे चाकात ब्रेक ऑइल असायचा प्रश्नच नाही. ओल दिसली तर ती एक्सलच्या हाउसिंगमधल्या गिअर ऑइलाची, नाहीतर वितळलेल्या ग्रीसची. ब्रेक ऑइलवाला जुना चारशेसात टेम्पो आला तर वस्ताद त्या ओलीवर पाणी मारून बघतात. धुऊन गेलं तर ब्रेक ऑइल, चिकटून बसलं तर गिअरचं. हे सगळं त्यांना एका हुंगण्यात कळलेलं असतं, पण तेवढ्यावर थांबतील तर ते वस्ताद कसले! ते बोट मग डायव्हरच्या नाकाखाली जातं, तिथून माझ्या, तिथून चहा घेऊन आलेल्या पोराच्या. "सांगा कशाचा वास हाय." चुकीचं उत्तर दिलं तर चहा गार होईपर्यंत सुटका नाही.

निपाणीजवळ अडकलेल्या एका डायव्हरने एकदा चाकाचा व्हिडिओ पाठवला होता. वस्तादांनी तो पूर्ण बघितला आणि फोन परत देत म्हणाले, "मोबाइलला वास न्हाई."

मग काम. चाकांमागे दगड, खाली जॅक, आणि जॅक लावला तरी घोडी लावल्याशिवाय कुणी आत डोकं घालायचं नाही. "जॅकवर सासऱ्याचा बी भरवसा ठेवू नये," हे बारक्याने, म्हणजे हाताखालच्या पोराने, इतक्या वेळा ऐकलंय की वस्ताद 'जॅकवर' म्हणाले की पुढचं तोच पुरं करतो. एक्सलचे नट निघतात, फ्लँजवर हातोड्याचे दोन ठोके, आणि लांबलचक एक्सल तेल गाळत बाहेर येतो. कापलेल्या कॅनमध्ये तेल धरलं जातं. चाकांची जोडी उतरते, मग हबचा मोठा नट, मग ड्रमसकट हब. आतलं लायनर काळंशार, ओलं, चकाकणारं. घाटात ब्रेक का धरत नव्हता, ते इथे कुणालाही दिसावं.

आणि आता येतो तो प्रश्न, ज्यासाठी मी मुद्दाम स्टूल पुढे ओढून बसतो. वस्ताद जुनं सील हातात घेतात, उलटं करतात, त्याच्या पाठीला थापलेला गॅस्केटचा लाल लेप नखाने खरवडतात, आणि आभाळाकडे बघत विचारतात, "याआधी हात कुणी घातलावता?"

हा प्रश्न नसतोच. आधीच्या मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार त्यानंतर सुरू होतो. सीलच्या कडेवर हातोड्याचा घाव आहे, म्हणजे तिरकं ठोकलंय. ओठ कोरडाच बसवला, म्हणून करपलाय. लेप लावून सील धरतं तर कंपनीने सील कशाला केलं असतं, नुसता लेपच विकला नसता का? एका दुपारी हा उद्धार ऐन रंगात असताना दाजींचा डायव्हर हळूच म्हणाला, "वस्ताद, दिवाळीच्या आधी तुमच्याकडंच आलीवती की." शेडमध्ये शांतता. बारक्याने तोंड फिरवलं. वस्तादांनी सील पुन्हा एकदा उलटंसुलटं करून पाहिलं. "बरं झालं, हितंच आणली," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला कळलं नसतं."

यावर रागावता येत नाही, कारण पुढच्या मिनिटाला ते खरोखर चुकीच्या मागे लागलेले असतात. सीलचा ओठ ज्या भागावर घासत फिरतो, तिथे अंगठ्याचं नख आडवं फिरवतात. नख अटकलं तर तिथे खाच पडलीय, आणि खाचेवर सोन्याचं सील बसवलं तरी गळणार. हब हलवून बेअरिंगचा खेळ बघतात. खेळ असला की सगळंच डगमगतं, आणि बिचाऱ्या रबराने किती सांभाळून घ्यावं? मग हाउसिंगच्या बुचात करंगळी. तेल भोकाच्या खालच्या कडेला लागावं, वर नाही. जास्त तेल घातलं की गाडी जास्त टिकते, ही डायव्हर लोकांची भोळी समजूत कित्येक सीलांच्या मुळावर आली आहे.

दाजींच्या गाडीचं मूळ दुखणं मात्र भलतीकडेच निघालं. एक्सल काढायच्या आधीच वस्ताद गाडीखाली आडवे झाले आणि हाउसिंगच्या पाठीवर बसवलेल्या बोंडाएवढ्या ब्रेदरवरून बोट फिरवलं. चिखल वाळून तो पार बुजला होता. गाडी पळाली की तेल तापतं, आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला हेच एक नाक. ते बंद झालं की हवा तेलाला रेटते आणि तेल सीलमधून वाट काढतं. वस्तादांनी तार घातली. फुस्स. इतक्या बारीक आवाजावर एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बाहेर येऊन त्यांनी बारक्याला, मला आणि शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावून सगळं पहिल्यापासून सांगितलं. डायव्हर घड्याळ बघत होता. त्याला "अर्ध्या तासात सोडतो" असं सांगून दुपार कलली होती.

नवं सील तोवर वस्तादांच्या खिशात, कागदात. ते दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही. चष्मा चढवून नंबर वाचला जातो, जुन्याशी ताडून पाहिला जातो. मग देवाला गंध लावावं तसं एका बोटाने त्याच्या ओठाला तेल. ओठ तेलाकडे, पाठ बाहेर. वर बेअरिंगची जुनी कड ठेवून सगळीकडून सारखे, हलके ठोके. या वेळी गप्पा बंद, रेडिओ बंद. एरवी अखंड चालणारं तोंड मिटलेलं असतं आणि जिभेचं टोक तेवढं बाहेर आलेलं असतं.

पैशाचा वाद लायनरवरून होतो. तेल प्यायलेलं लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवा, असं दाजी फोनवर सांगत असतात. आणि बदलायचंच तर एका बाजूचं बदला. वस्ताद फोन कानापासून लांब धरतात. "मालक, एका बाजूनं ब्रेक धरला आन दुसरीकडनं न्हाई धरला, तर गाडी कुठं जायची ते खंबाटकीला इचारा." दोन्ही बाजूंची लायनरं बदलतात. ब्रेदरचे पैसे मात्र घेत नाहीत. "हवेचं काय बिल करायचं?"

जाताना डायव्हरला ताकीद असते : मुक्कामाला पोचलास की चाकाच्या आतनं हात फिरव आणि मला फोन कर. डायव्हर मान डोलावतो आणि विसरतो. रात्री साडेदहाला वस्तादच फोन लावतात.

"पोचला का?"

"पोचलो वस्ताद. कोल्हापुरात हाय."

"जेवला?"

"जेवलो."

"हात फिरवला का? कोरडा हाय?"

"एकदम कोरडा."

"बाजंचा आवाज येतोय मला. ऊठ आधी."