हीट, कूल आणि मामा

माझा मामा अंजूरचा वायरमन. अंजूरफाटा वेगळा आणि अंजूर गाव वेगळं, हे तो नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी सांगतो. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेत अंजूरच्या गंगाजी नाईकांचा मोठा वाटा होता. मामाचं नाईकांशी काही नातं नाही; पण गावातल्या कुठल्याही स्वाभिमानी माणसाप्रमाणे वसई थोडीशी त्यानेही घेतलेली आहे. "परक्याच्या किल्ल्यात वाट कुठून काढायची, ते आपल्याला शिकवायला नको," असं तो कुणाच्याही बंद पडलेल्या मीटरबोर्डासमोर उभा राहून म्हणतो.

भिवंडीच्या आसपास भातखाचरांची गोदामं झाली आणि मामाची चलती झाली. त्याआधी तो पॉवरलूमच्या मोटारी बघायचा. कापसाची कुसं खाऊन गुदमरलेली मोटर नुसत्या वासावरून ओळखतो. ताप बघावा तसा हात ठेवतो, हुंगतो आणि म्हणतो, "वाइंडिंग गेली." मालक रडकुंडीला येतो. मामा शांत.

तर या मामाचा लौकिक मध्यंतरी अमेरिकेत, मिनीॲपोलिसला पोचला. तिथे माझा मावसभाऊ राहतो. थंडीत तिकडचं घर म्हणजे आधी भट्टी आणि मग खोल्या. तळघरात गॅसची भट्टी, तिच्या पोटात ब्लोअर, आणि तिथून घरभर पत्र्याची नळकांडी. थर्मामीटरवाल्या डबीने हुकूम सोडला की भट्टी पेटते, ब्लोअर गरम हवा वर ढकलतो, घर तापलं की सगळं गप्प. मग वरचा मजला कढतो, तळघर गारठतं, आणि मावसभावाचं ऑफिस नेमकं तळघरात. बाहेर उणे 24. त्याला वाटलं, भट्टी पेटो न पेटो, ब्लोअर कायम मंद फिरता ठेवला तर हवा खालीवर होत राहील, फिल्टरमधून गाळली जाईल आणि बोटंही हलतील. डबीवर पंख्याचं बटण होतं: 'ऑटो' आणि 'ऑन'. 'ऑन' केलं तर घरात वावटळ. पडदे आडवे. कारण त्या जुन्या भट्टीत 'ऑन' म्हणजे उन्हाळ्यातल्या एसीचा वेग, सगळ्यात जोराचा.

त्यांची रात्र म्हणजे आमची सकाळ. मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मामा चहाला बसला होता. मी मोबाइल धरून उभा. या घरात माझी पात्रता तेवढीच.

"मोटर किती वायरची?" मामाने विचारलं. तब्येत नाही, हवामान नाही, सूनबाई नाही.

मावसभावाने तळघरात जाऊन भट्टीचं झाकण काढलं आणि ओरडला, "मामा, बंदच पडली!"

"पडणारच. झाकणाला स्विच असंल. झाकण उघडलं की करंट तोडतो." मामाच्या चेहऱ्यावर आदर पसरला. "हे आपल्या गोदामात पायजे. आपल्याकडं झाकणच नसतं." मग म्हणाला, "तरी मेन पाडून ये. आणि गॅसच्या नळीला हात लावायचा नाय."

आत कंट्रोलचं बोर्ड होतं. मोटरमधून आलेली पांढरी वायर न्यूट्रलला. काळी 'कूल' लिहिलेल्या खुंटीवर, निळी 'हीट'वर. दोन तपकिरी कंडेन्सरला. आणि एक लाल, 'पार्क' नावाच्या खुंटीवर नुसतीच अडकवलेली, कामधंदा नसलेली.

"लाल रिकामी हाय?" मामाने कप खाली ठेवला. "तीच तुझी मंद. काळी जोरात, निळी मधली, लाल हळू. तिकडं बहुतेक असंच असतं, पण झाकणाच्या आत नकाशा चिकटवलेला असंल, तो वाच. रंगावर इमान ठेवायचं नाय."

मावसभाऊ इंजिनियर. सॉफ्टवेअरचा आहे, पण इंजिनियर. तो म्हणाला, "मग सोपंय. लाल कायमची सप्लायला जोडून टाकतो. भट्टी पेटली की निळी आपोआप चालू होईलच."

मामा उठला. आत गेला. बराच वेळ खडखड झाली. मामी ओरडली, "अहो, तो चालू हाय!" आणि मामा टेबल फॅन घेऊन बाहेर आला. त्याने फॅनचं बूड उघडून मोबाइलसमोर धरलं.

"बघ. ही एक नंबरची पट्टी, ही दोन, ही तीन. दोन दाबतो." खट्. एक नंबरचं बटण टण्णकन वर उडालं. "तीन दाबतो." दोन वर. "का उडतं? कंपनीला स्प्रिंग जास्त झालेली काय? अरं, मोटर एकच, वेटोळं एकच, त्याला मधेमधे फाटे काढलेत. जास्त वेटोळ्यांतून करंट गेला की मोटर हळू, कमीतून गेला की जोरात. तू लाल आणि निळी दोघींना एकदम करंट दिलास, तर त्यांच्या मधलं वेटोळं आपल्याशीच शॉर्ट होनार. मंग ती मोटर आधी घूं करनार, मंग वास मारनार." इथे त्याने नाक वर करून हवा हुंगली. मिनीॲपोलिसमध्ये जळालेल्या मोटरचा वास अंजूरच्या ओट्यावर आम्हाला सगळ्यांना आला.

"म्हणजे इंटरलॉक पाहिजे," मावसभाऊ म्हणाला.

"आता बोललास. गोदामातली मालाची लिफ्ट वर जाते तेव्हा खालचा कॉन्टॅक्टर ओढला जाता कामा नये. तेच हे."

खरं सांगायचं तर इथून पुढे मला जेवढं कळलं त्याहून मान जास्त डोलावली. पण मामाची युक्ती सुबक होती. भट्टीचं बोर्ड 'हीट' आणि 'कूल'मधून एका वेळी एकच निवडतं. तो पहारा कंपनीनेच बसवलेला आहे. तेव्हा 'हीट'च्या वाटेला जायचंच नाही. 'कूल'च्या खुंटीवरची काळी काढायची आणि तिथून एक वायर 24 व्होल्टच्या रिलेत न्यायची. रिले स्वस्थ बसलेला असताना करंट लालला. डबीने एसी मागितला, की तीच एसीची 24 व्होल्टची वायर रिलेला ओढणार आणि करंट लाल सोडून काळीला. थंडीत एसी कोण मागतो? म्हणजे 'ऑन' केलं की मंद. भट्टी पेटली की बोर्ड स्वतःच 'कूल' सोडून 'हीट'वर. कुठलीही दोन एकदम नाहीत.

"रिलेचे पॉइंट मोटरचा भार सोसणारे घे. आणि मोकळी राहिलेली वायर मेलेली नसते. एक फाटा चालू असला की बाकीच्यांच्या टोकालाही करंट येतो. उघडं टोक ठेवायचं नाय."

हे सगळं त्याने हाताशी असलेल्या कागदावर काढलं. कागद म्हणजे शेजारच्या पोराची लग्नपत्रिका. मागची बाजू पुरली नाही म्हणून रिलेचा अर्धा भाग पुढच्या बाजूला, गणपतीच्या डावीकडून खाली, 'कार्यवाह' आणि 'निमंत्रक' यांच्या मधून गेला. दोन्ही बाजूंचे फोटो रवाना झाले. "जोडायला मात्र तिकडचा लायसनवाला बोलव," मामाने बजावलं. "गॅसचं काम हाय. आपण फोनवर सल्ला देतो, फोनवर पाना देत नाय."

एवढ्यात मामीने मोबाइल माझ्या हातून घेतला. तिचा प्रश्न एकच होता: "बिल किती येईल?"

प्रश्न मार्मिक होता. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा ढकलायला लागणारी ताकद आठव्या हिश्शावर येते. पण असल्या जुन्या मोटारी मंद फिरतानाही वीज उधळतात. म्हणून तर अमेरिकेत जुलै 2019 पासून नव्या भट्ट्यांच्या ब्लोअरला वीज वाचवण्याचे कडक नियम लागले आणि आपल्या नव्या बीएलडीसी सिलिंग फॅनच्या जातीच्या मोटारी सर्रास आल्या. जुना सिलिंग फॅन 75 वॅट खातो तिथे हा तीसेक वॅटमध्ये भागवतो. मामीकडे असा एक आहे. त्याचा रिमोट ती पदरात ठेवते, म्हणून मामाला त्या पंख्याबद्दल फारसं प्रेम नाही.

पुढच्या आठवड्यात तिकडचा मिस्त्री आला. त्याने पत्रिका उलटसुलट करून पाहिली, डोकं खाजवलं, मग म्हणाला, बरोबर आहे. रिले लागला, ब्लोअर मंद फिरू लागला, तळघरात माणूस राहू शकतो असं सिद्ध झालं. वरच्या मजल्यावर मात्र वहिनी शाल घेऊन बसली. भट्टी विझलेली असताना फिरणारी हवा खोलीइतकीच कोमट असते, पण अंगावरून वाहिली की गारच लागते. हे तिला मामीने आधीच सांगून ठेवलं होतं. आता रात्री दहाला वहिनी 'ऑटो' करते आणि सकाळी मावसभाऊ 'ऑन' करतो, आणि हेही दोघांपैकी एकालाच एका वेळी करता येतं.

मिस्त्री जाताना म्हणाला, वायरिंग बदललं आहे, तेव्हा नवा नकाशा झाकणाच्या आत लावलाच पाहिजे, पुढच्या माणसाला कळायला हवं. मावसभावाने पत्रिकेच्या दोन्ही बाजू छापून चिकटवल्या. गणपती बघून मिस्त्रीने विचारलं, हा रिलेच्या कंपनीचा शिक्का का? मावसभाऊ हो म्हणाला. आता पुढे कधी ती भट्टी उघडणाऱ्या कारागिराला लाल वायर कुठे जाते ते नीट कळेल, हळद शनिवारी सायंकाळी आहे हेही कळेल, आणि 24 व्होल्टच्या बाणाचं टोक जिथे टेकलं आहे तिथे ठळक अक्षरांत वाचायला मिळेल: कृपया आहेर आणू नये.