नास्तिकगुरुजी

ज्या घरात देवाची आठवण गणपतीत आणि दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री निघते, त्या घरात नास्तिक निपजत नाही. देवाशी भांडायला आधी त्याच्याशी घसट असावी लागते. पक्का नास्तिक हवा असेल तर घरात तीन पिढ्यांची भिक्षुकी लागते, पौषातल्या पहाटे गार पाण्याची आंघोळ लागते, चुकून हात लागला तर घर डोक्यावर घेतलं जाईल अशी सोवळ्याची दांडी लागते, आणि ‘असं का?’ विचारल्यावर उत्तराऐवजी धपाटा घालणारे वडील लागतात. एवढी सामग्री जमली की चार मुलांतले तिघे भिक्षुक होतात, नाहीतर बँकेत चिकटतात. चौथ्याचा नास्तिकगुरुजी होतो.

वाईत पूर्वी आळीआळीला असा एखादा असायचा. आमच्या आळीतला ऐंशी ओलांडून अजून ठणठणीत आहे. त्यांचं खरं नाव संध्येतल्या चोवीस नावांपैकी एक आहे. ‘वडिलांना आचमन करताना सुचलं असणार, दुसरीकडे कुठे ते जात नव्हते,’ असं गुरुजी सांगतात. नोकरी एसटीच्या हिशेब खात्यात झाली. गुरुजी ही पदवी मात्र आळीने दिलेली, आणि ती चेष्टेतली नाही. धर्माचं काही अडलं की खऱ्या गुरुजींचा फोन लागेपर्यंत लोक यांच्याच ओट्यावर येतात.

‘‘गुरुजी, आज चंद्रोदय किती वाजता हो?’’ समोरच्या वहिनी गॅलरीतून विचारतात.

‘‘कॅलेंडरात मुंबईची वेळ बघितलीत ना? वाई पूर्वेला आहे. आपल्याकडे चारेक मिनिटं आधी उगवेल. आणि तो दगड आहे, एवढं ध्यानात ठेवून मोदक खा.’’

वहिनी चार मिनिटं तेवढी घेतात आणि दगड सोडून देतात. सगळ्या आळीने हीच पद्धत लावून घेतली आहे. चुलत सासऱ्याचं सुतक किती दिवस, श्राद्धाची तिथी दोन दिवसांवर पसरली तर कुठला दिवस धरायचा, टिळक पंचांगवाल्यांचा गणपती एखाद्या वर्षी महिनाभर आधी येतो तो का, सगळी उत्तरं गुरुजींच्या जिभेवर. प्रत्येक उत्तराला नास्तिकपणाचं शेपूट. पंचांगाच्या प्रश्नाचं शेपूट तर मला फार आवडतं: ‘‘एका गल्लीत दोन पंचांगं. गणपतीने कुणाच्या तारखेला निघायचं, हे त्याला कोण कळवतं?’’

घरात काकू आहेत. काकूंची पूजा कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये बसते. सगळे देव एकदम ताम्हनात, वरून एक तांब्या पाणी, पदराला पुसून पुन्हा देव्हाऱ्यात. घाईत अन्नपूर्णा बाळकृष्णाच्या जागी जाते, बाळकृष्ण शंखाच्या पलीकडे जातो. गुरुजी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलेले असतात, पण नजर कडेने देव्हाऱ्यावर.

‘‘अगं, शाळिग्रामाला अक्षता वाहत नाहीत!’’

‘‘तुमचा तर विश्वास नाही ना?’’

‘‘माझा नाही. तुझा आहे ना? मग नीट कर की!’’

‘‘देवाला सगळं चालतं हो,’’ म्हणून काकू तीच तुळस, तेच जास्वंद गणपतीपासून शंकरापर्यंत सगळ्यांना वाटून टाकतात.

या एका वाक्यावर गुरुजींचा पेपर खाली येतो. ‘‘चालतं? गणपतीला तुळस चालते? आणि हे सगळं चालत होतं, तर माझ्या बापाने मला का बडवलं?’’

काकूंचा देव इतकी वर्षं त्या घरात सुखाने नांदतो आहे, कारण त्याच्याकडे कुणी फार निरखून बघत नाही. गुरुजींनी निरखून बघितलं. त्यात त्यांचा काय दोष? त्यांना तसंच शिकवलं होतं. भिक्षुकाच्या घरात मुलाला काय शिकवतात, तर चुकायचं नाही. मात्रा चुकायची नाही, दर्भाचं टोक चुकायचं नाही, चौथ्या नावाला पाणी प्यायचं नाही, सोडायचं. मुलाने हे सगळं मनावर घेतलं की एक दिवस तो देवाचाही हिशेब तपासायला बसणारच.

पहिली चूक त्यांना ढोल्या गणपतीच्या देवळात सापडली. कृष्णेच्या घाटावरचं हे देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२मध्ये बांधलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. वाईला आलेल्या पाहुण्यांना आम्ही ती मोठ्या कौतुकाने दाखवतो. गुरुजींच्या वडिलांनीही सात-आठ वर्षांच्या मुलाला तशीच दाखवली. मुलाने विचारलं, ‘‘म्हणजे गवंडी नसता तर बाप्पा वाहून गेला असता?’’ धपाटा.

पुढे एका वर्षी पाऊस लांबला. चार प्रतिष्ठित मंडळींनी वडिलांना बोलावून महादेवाचा गाभारा पाण्याने भरायचं ठरवलं. पिंड बुडाली की देव कासावीस होतो आणि पाऊस पाडतो, अशी समजूत. घागरी वाहता वाहता मुलाने विचारलं, ‘‘आपण त्याला कोंडून धरतोय, मग तो आपल्याला पाऊस देईल की रागावेल?’’ हा धपाटा घागरीसकट बसला.

सत्यनारायण हा तर त्यांच्या नास्तिकपणाचा बालवर्गच. आठवड्यात तीन-तीन पूजा असायच्या. यजमानांची पोरं शिऱ्याकडे डोळे लावून बसायची. यांना शिऱ्याचा वीट आलेला, म्हणून हे कथा ऐकायचे. कथा ऐकणं फार धोक्याचं, हे वडिलांना कळायला हवं होतं. कलावतीचा नवरा कितीतरी दिवसांनी नावेने परत येतो. ही बाई आनंदाने प्रसाद तसाच टाकून घाटाकडे धावते, आणि तेवढ्यावरून देव नवऱ्यासकट नाव बुडवतो. मुलगा भर पूजेत म्हणाला, ‘‘आपल्या वाण्याची उधारी सहा महिने थकली, तरी तो असं करत नाही.’’ यजमान तोच वाणी होता. त्याला फार बरं वाटलं आणि त्याने दक्षिणा वाढवून दिली. वडिलांनी दक्षिणा घेतली आणि बाहेर आल्यावर मुलाला पायरीवरच बडवला.

पण खरा निकाल लागला तो स्वरांवर. घर ऋग्वेदी. संथा देताना वडील मुलाची मान मागून पकडत. अनुदात्त आला की मान खाली, स्वरिताला वर. मान आधी शिकायची, जीभ मागून. गुरुजींची मान आजही एसटीच्या तिकिटावरचे आकडे वाचताना हलते, हे मी स्वतः पाहिलं आहे. आणि स्वर चुकला तर? त्यासाठी त्वष्ट्याची गोष्ट होती. इंद्राला मारणारा मुलगा हवा म्हणून त्याने यज्ञ केला, एका शब्दाचा स्वर चुकला, आणि झालं उलटंच, इंद्रानेच मुलाला मारलं. ही गोष्ट ऐकून इतर मुलं नुसती घाबरायची. या मुलाने ती खरी मानली. खरी मानली म्हणूनच ती तपासायची बुद्धी झाली.

वाईला हळदीचा व्यापार जुना. अशाच एका हळदीच्या अडत्याकडे श्रीसूक्ताची आवर्तनं होती. धाकट्याने तिथे, पूर्ण शुद्धीत, एक स्वर मुद्दाम फिरवला. रात्री झोप नाही. अडत्याचं दिवाळं निघणार, त्याची पोरंबाळं रस्त्यावर येणार आणि ते पाप आपल्या माथी, म्हणून उशीत तोंड घालून रडले. दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाताना रोज वाट वाकडी करून अडत्याच्या दुकानासमोरून जायचे, अजून उघडं आहे का बघायला. दुकान उघडंच. त्या हंगामात हळदीला कधी नव्हे असा भाव आला. पुढच्या वर्षी अडत्याने वडिलांना निरोप धाडला: ‘‘त्या धाकट्याला नक्की आणा. त्याच्या पाठाला गुण आहे.’’

‘‘तिथे संपलं,’’ गुरुजी म्हणतात. ‘‘माझं नाही, त्याचं.’’ आणि बोट वर करतात. कुठला स्वर फिरवला होता, हे मात्र त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तरुणपणी नोकरीवरून आले की हे प्राज्ञपाठशाळेत जाऊन बसायचे. वाईत वेद शिकायला बसलेला माणूस कुठल्या दाराने बाहेर पडेल, याचा तसा नेम नसतोच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेतले. त्यांनी १९३३मध्ये गांधीजींच्या मुलाचा आंतरजातीय विवाह शास्त्राच्या आधाराने लावून दिला, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या गोटात गेले आणि ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहून मोकळे झाले. पण गुरुजींना सापडले ते मीमांसक. मीमांसेत यज्ञाचा कीस काढलेला, पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांनी मानलेलाच नाही. यज्ञाचं फळ यज्ञातूनच निघतं, मध्ये देव नावाचा कारकून लागत नाही. हे वाचून गुरुजी घरी आले आणि वडिलांना म्हणाले, ‘‘बघा, मी तुमच्याच पंगतीतला आहे.’’ वडील त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. फक्त मुलाच्या ताटाभोवती चित्राहुती दिसतात ना, हे रोज वाकून बघायचे. दिसायच्या. हाताची सवय.

इतके विद्वान नास्तिक पुरोगामी मंडळींना हवेच असणार. चळवळीतल्या पोरांनी त्यांना व्याख्यानाला नेलं. आधीच्या वक्त्याने आवेशात सांगितलं, ‘‘वेदांमध्ये लिहिलंय की मेल्यावर माणसाला तेलात तळतात.’’ गुरुजी पहिल्या रांगेतून उठले. ‘‘वेदांत नाही. गरुडपुराणात आहे. आधी वाचा, मग नाकारा.’’ मग त्यांनी पाऊण तास वेदांत नरक किती पुसट आहे, हे सांगितलं. श्रोत्यांतल्या दोन सनातनी म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी पुन्हा बोलावलं नाही. आगरकरांवर त्यांची अपार भक्ती (दुसरा शब्द नाही), टेंभू आपल्याच जिल्ह्यातलं म्हणून जरा जास्तच. पण पुण्यातल्या लोकांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, हे सांगताना त्यांचा राग वेगळ्याच जागी निघतो: ‘‘परागंदा झालेल्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायला शास्त्र आहे. समोर बसून लेख लिहिणाऱ्या माणसाची तिरडी कुठल्या गृह्यसूत्रात आहे, दाखवा!’’

२० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा गुरुजी साताऱ्याला निषेधाच्या मोर्चात गेले होते. सत्तरीचा माणूस, उन्हापावसात चालला. घोषणांमध्ये व्याकरणाच्या चुका होत्या. त्या दिवशी त्यांनी एकही काढली नाही.

देहदानाचा फॉर्म त्यांनी भरून ठेवला आहे. काकूंचा विरोध तत्त्वाचा नव्हता, व्यवहाराचा होता. ‘‘मग दहाव्याला कावळा कशाला शिवेल?’’

‘‘कावळा शिवला नाही तर दर्भाचा करून लावतात. शास्त्र आहे.’’

‘‘आणि तुमची इच्छा राहिली असली तर?’’

‘‘माझी एकच इच्छा, शाळिग्रामाला अक्षता वाहू नको.’’

अलीकडे एक भानगड झाली आहे. एका वेदपाठशाळेच्या प्रमुखांच्या लक्षात आलं की काही सूक्तांचा गुरुजींच्या घराण्यातला पाठ आता फक्त यांच्याच डोक्यात शिल्लक आहे. ते स्वतः येऊन ओट्यावर बसले. गुरुजींनी आधी सांगून टाकलं, ‘‘मी देव मानत नाही.’’ प्रमुख म्हणाले, ‘‘तुम्ही स्वर मानता ना? मग झालं.’’ तेव्हापासून दर रविवारी तीन शेंडीवाली पोरं सायकली लावून आत येतात. काकू त्यांना लाडू देतात. प्रमुखांना आशा आहे की पोरांच्या निमित्ताने गुरुजी कधीतरी परत वळतील. गुरुजींना आशा आहे की तिघांतला एक तरी बिघडेल.

मी गेल्या रविवारी पेपर मागायला गेलो, तर संथा चालू होती. सगळ्यांत धाकट्या पोराची मान गुरुजींच्या मुठीत. पोरगं चुणचुणीत. दोनदा एकाच जागी अडलं, तिसऱ्यांदा थांबून त्याने विचारलं, ‘‘आजोबा, इथे स्वर चुकला तर काय होतं?’’

काकू लाडवांचं ताट घेऊन दारात थबकल्या. मीही कान टवकारले. साठ-सत्तर वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर हा माणूस अनुभवाने जाणून आहे, तो प्रश्न आज आयता समोर आला होता.

‘‘माझा धपाटा बसतो,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘पुन्हा म्हण.’’