थोरली आणि धाकटी

टायरला लाथ मारल्याशिवाय आमच्याकडं गाडीचा सौदा सुरू होत नाही. लाथ मारून नेमकं काय कळतं, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. पण परभणीत वसमत रोडवरच्या शोरूममध्ये शिरल्या शिरल्या काकांनी चकचकीत फरशीवर उभ्या असलेल्या कोऱ्या गाडीला दोन लाथा घातल्या, तेव्हा तिथला पोरगा पाण्याचा ग्लास घेऊन पळत आला. पाणी काकांना द्यायचं की गाडीवर शिंपडायचं, हे त्यालाही ठरवता आलेलं दिसत नव्हतं.

महिनाभर घरात दोन पक्ष पडले होते. काकांचा पक्ष गंगाखेडला विकायला निघालेल्या २०१३ सालच्या डिझेल जीपगाडीचा. किंमत साडेतीन लाख, मागं समोरासमोर बसायच्या सीटा, कागदावर सात माणसं, बाकी देवाची इच्छा. बायकोचा पक्ष नव्या क्रॉसओव्हरचा. पेट्रोल, पांढरा रंग, हप्ते आणि पाच सीटा. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण दोन्हींचे मालक आमच्या पाहुण्यांत आहेत आणि लगीनसराई तोंडावर आहे. जुनीला थोरली म्हणू, नवीला धाकटी.

काकांच्या मते गाड्यांचा सुवर्णकाळ १९९४ साली सुमो आली तेव्हा सुरू झाला. ते नाव जपानी पहिलवानावरून नाही, तर सुमंत मुळगावकरांच्या 'सु' आणि 'मु'चा 'मो' करून ठेवलंय, हे काका प्रत्येक लग्नात एकदा तरी, बहुधा पंगतीत मठ्ठा येईपर्यंतच्या वेळात सांगतात. २००० साली बोलेरो आली, तिलाही त्यांनी घरात घेतलं. २०१९ला सुमो बंद झाली तेव्हा मात्र त्यांनी चहा सोडला. दीड दिवस.

शोरूमच्या पोराचा शर्ट इस्त्रीचा आणि मराठी शोरूमची होती. तो म्हणाला, "सर, ही क्रॉसओव्हर एसयूव्ही आहे. म्हणजे कारचा कम्फर्ट आणि जीपचा लुक."

"म्हंजी हायब्रीड," काका म्हणाले.

"नाही काका, हायब्रीड वेगळी. तिच्यात बॅटरी असते."

"बॅटरीचं सोड. दोन जाती एकात घातल्या की हायब्रीडच. मग बी दरसाल नवं घ्यावं लागतंय का?"

ज्या गावात कृषी विद्यापीठ आहे, तिथं गाडी विकणाऱ्यानं बियाण्याचा अभ्यास करून यावं. काका कित्येक वर्षं 'परभणी मोती' ज्वारी पेरतात. ती विद्यापीठाचीच, पण सरळ वाण. यंदाचं बी राखून पुढल्या साली पेरता येतं. हायब्रीडचं तसं चालत नाही. काकांच्या डोक्यात थोरली म्हणजे सरळ वाण, आणि धाकटीचं बी पाच वर्षांनी उगवणार नाही, हे तिथंच पक्कं झालं.

आम्ही सोबत मिस्त्री नेला होता. त्यानं गाडीखाली वाकून बघितलं आणि आजाऱ्याच्या नातेवाइकांना बाजूला घेतात तसं काकांना बाजूला घेतलं.

"काका, हिला चासी न्हाई."

"म्हंजी?"

"थोरलीला खाली शिडीवाणी लोखंडी चासी असती अन् वर बॉडी बोल्टानं बसवल्याली. बैलगाडीचा साटा वायला अन् वरची ताटी वायली, तसं. हिचं चासी-बॉडी समदं एकच. जेवणाच्या डब्यावाणी."

"कणाच न्हाई हिला!" काकांनी धाकटीकडं असं पाहिलं की मला तिच्यासाठी वाईट वाटलं. त्या एकसंध डब्यामुळंच गाडी हलकी होते, वळणावर कमी डुलते आणि पेट्रोल कमी पिते, असं पोरगा सांगत होता. पण कणा नसलेल्याचे गुण कोण ऐकतो?

मग लांबी निघाली. धाकटी ३९९५ मिलिमीटर. शेजारची दुसऱ्या रंगाची तीही ३९९५. या वर्गातल्या कितीतरी गाड्या, कंपनी कुठलीही असो, लांबीला ३९९५च. कारण चार मीटरच्या आत राहिलं आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या वर गेलं नाही, तर २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी १८ टक्के, ओलांडलं तर ४०. सरकारी रेषेपासून गव्हाच्या दाण्याएवढं अंतर राखून सगळ्या गाड्या शहाण्या सुनांसारख्या थांबलेल्या. बांधाला इतका मान आमच्या भावकीत कुणी दिलेला नाही.

शेवटी पोरानं धाकटी बाहेर काढली, काकांना आत बसवलं आणि हुकमाचं पान काढलं. बटण दाबलं आणि छत सरकलं. एप्रिलचा तिसरा आठवडा, सकाळचे साडेदहा. मुहूर्त साधावा तसं परभणीचं ऊन नेमकं काकांच्या टकलावर उतरलं.

"हे काय?"

"सनरूफ, काका. टॉप मॉडेलला येतं. त्याचे जास्त पैसे."

"आमच्या माळवदाचं भोक बुजवाया मी चार वर्सं पैशे घातले," काका म्हणाले, "अन् तू मला भोकाचे पैशे मागायलास?"

टेस्ट ड्राइव्ह विद्यापीठाच्या गेटपर्यंत जाऊन परत, असं ठरलं होतं. काका पुढच्या सीटवर बसले, पायाशी ज्वारीचं दहा किलोचं पोतं घेतलं आणि म्हणाले, "जरा गंगाखेडाकून घे. पाच मिन्टाचं काम हाय." गंगाखेड चाळीसेक किलोमीटर आहे. पोरानं मागून "सरांना विचारतो" म्हणत फोन लावला, पण सरांनी उचलेपर्यंत सिंगणापूर मागं पडलं होतं. मी चालवत होतो, शेजारी काका, मागं बायको, मिस्त्री आणि तो पोरगा. एसी गार होता. पोखर्णीच्या फाट्यावर काकांनी आतूनच नृसिंहाला हात जोडले. काच खाली न घेता केलेला हा त्यांचा पहिलाच नमस्कार, आणि तो पोचला का, ही शंका त्यांना पुढचा मैलभर होती.

ते पोतं दैठण्याच्या आत्यासाठी होतं. दैठण्यात काका उतरले, पोतं स्वतःच्या जागेवर ठेवलं आणि आत्याला हाक मारायला गेले. मी गाडी लिंबाच्या सावलीला घ्यायला गेलो, तर आत टिंगटिंग सुरू. या गाड्यांच्या पुढच्या सीटला वजन कळतं, माणूस कळत नाही. दहा किलो परभणी मोतीनं बेल्ट लावलेला नाही, अशी ती तक्रार होती. पोरानं मागून वाकून पोत्याला बेल्ट लावला. टिंगटिंग थांबली. तेवढ्यात इरकली नेसून, हातात पिशवी घेऊन, थेट जनाबाईच्या दर्शनाच्या तयारीनं आत्या दारात आली. सोबत सून आणि दोन नातवंडं.

"अक्का, हिच्यात पाचच बसत्यात," काका म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. भर रस्त्यात बहिणीला गाडीत जागा नाही म्हणायची वेळ त्यांच्यावर उभ्या आयुष्यात आली नव्हती.

आत्यानं आत वाकून बघितलं. "ज्वारीला जागा हाय, पट्ट्यानं बांधून. अन् मला न्हाई?"

आरशात मला बायको दिसली. ती खिडकीबाहेर बघत होती आणि हसू दाबत होती. तेव्हा माझी ट्यूब पेटली. तिला सनरूफ नको होतं, टचस्क्रीन नको होता, पांढरा रंगही एकवेळ नको होता. तिला पाच सीटा हव्या होत्या. आमच्या घरात 'नाही' म्हणायची रीत नाही. ते गाडीनंच म्हणावं, हे तिनं कधीच हेरून ठेवलं होतं.

गोदावरीच्या पुलावरून गंगाखेडात शिरलो. थोरली मालकाच्या वाड्यापुढं धुऊन-पुसून, आरशाला लिंबू-मिरची बांधून उभी होती. "सिंगल हँड, घरगुती वापर," मालक म्हणाले. काकांनी आरसी सातबारा वाचावा तशी वाचली. आधी मालकी, मग बोजा. त्यात मालक दुसरा होता आणि फायनान्सचा बोजा तसाच होता. मालक बँकेची एनओसी शोधायला आत गेले. मीटरवर ७८ हजार किलोमीटर. मिस्त्री मीटरकडं बघतच नव्हता. तो चपला काढून बसला आणि क्लचच्या पायटावरून अंगठा फिरवला. रबराच्या रेघा पार गेलेल्या, एका कोपऱ्यात लोखंड चमकत होतं.

"घरगुतीच हाय," तो माझ्या कानाशी लागला, "फकस्त घर मोठं असंल."

दाराचं रबर ओढून त्यानं आतली वेल्डिंग बघितली. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं. आतून चुलीसारखा भपकारा आला. त्यानं शांतपणे झाकण लावलं आणि चहाचा घोट घेऊन म्हणाला, "चहा लई गोड हाय बगा." हा इशारा घरून ठरवून आणलेला होता. चहा गोड म्हणजे इंजिन गेलेलं.

पण काकांना आता काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी आणि मालकांनी बैलबाजारातल्यासारखा उपरण्याखाली हात घातला होता. बाहेरून नुसती उपरण्याची घडी हलत होती. एक बोट, तीन बोटं, पुन्हा एक. दोघांच्याही तोंडावर काही नाही. मी २०२८चा विचार करत होतो. पंधरा वर्षं भरली की नोंदणीची मुदत संपणार, पुन्हा फिटनेस, पुन्हा फी, वर ग्रीन टॅक्स. म्हणजे थोरली घरात येते न येते तोच तिच्या सेवानिवृत्तीचे कागद रंगवायचे.

"आधी ट्रायल, मग इसार," मी म्हणालो. ठरलं असं की थोरली परभणीपर्यंत न्यायची आणि मालकाचा पोरगा ती परत आणणार. बायको म्हणाली, डिझेलच्या वासानं तिचं डोकं उठतं, ती शोरूमच्या पोरासोबत धाकटीतून येईल.

थोरलीनं पहिल्या गिअरला जात्यासारखी घरघर धरली. जनाबाईच्या गावात ती शोभलीही. वेशीपर्यंत आम्ही चौघं होतो. पुलावर सहा झालो, कारण मालकाच्या साडूला परभणीला दवाखान्यात जायचं होतं आणि साडू एकटा कसा जाणार? पुढं दोन पोरं कॉलेजची, एक दुधाचा कॅन, कॅनवाला. काका प्रत्येकाला "बसा की, लई जागा हाय" म्हणत होते आणि दर माणसागणिक त्यांचा चेहरा उजळत होता. मी तेरापर्यंत मोजलं. पुढं मला मान वळवता येईना. गिअर टाकायचा तर साडूचा गुडघा उचलायला लागायचा, आणि साडूलाही त्याची सवय झाली होती. तिसरा म्हटलं की तो आपणच पाय घ्यायचा.

दैठण्यात काकांनी मुद्दाम थांबायला लावलं. आत्याच्या दाराला कुलूप. "ते तर मघाशीच गेले की पांढऱ्या गाडीत," शेजारीण म्हणाली. काका बुचकळ्यात पडले. कॅनवाल्यानं खाली राहिलेला पाय आत घेतला आणि आम्ही निघालो.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. थोरलीतून माणसं उतरायला वेळ लागला, कारण शेवटी बसलेला दाराचा खटका हरवून बसला होता. धाकटीचा पत्ता नव्हता. अर्ध्या तासानं ती आली, कपाळाला गुलाल लावून. पोखर्णीला नृसिंहाचं दर्शन करून येताना उशीर झाला होता. दार उघडलं. पोरगा उतरला, त्याच्या शर्टाची इस्त्री गेलेली. मग आत्या. मग सून. मग एक नातू, दुसरा नातू, आणि सगळ्यांच्या मागून, मांडीवर कुणाची तरी पिशवी, पदर एका बाजूला ओढलेला, अशी बायको.

"सहा," काका म्हणाले.

"त्या उन्हात दारात उभ्या होत्या," बायको माझ्याकडं न बघता म्हणाली. "लेकरं लहानच आहेत."

काकांनी धाकटीभोवती एक फेरी मारली. या वेळी लाथ नाही. मागं जाऊन डिक्कीचं दार वर केलं, आत हात घालून वीत टाकत मापलं आणि शोरूमच्या पोराला जवळ बोलावलं.

"हितं दोघं बसत्याल बग," ते म्हणाले. "पोतं काढलं तर तिघं."