रोमिंग शुल्क महोदयांस अनावृत पत्र

मा. रोमिंग शुल्क महोदय यांस,
स. न. वि. वि.

भारतीय सिम घेऊन परदेशी गेलेल्या माणसाला आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडतात, ही महोदयांची सर्वांत जुनी आणि सर्वांत भरवशाची मिळकत. तिचे कारण कॉलच्या वाटेत आहे. पुण्याहून लावलेला फोन आधी भारतातल्या मूळ कंपनीकडे येतो आणि तिथून परदेशातल्या यजमान कंपनीकडे जातो. लावणाऱ्याने देशातल्या कॉलचेच पैसे मोजलेले असतात. पुढच्या टप्प्याचा भार उचलणाऱ्याच्या माथी येतो. पॅरिसच्या हॉटेलात शेजारच्या खोलीतल्या मावशीला भारतीय सिमवरून भारतीय सिमवर फोन केला, तर दोघांमध्ये भिंत एकच, पण बिल भारतात जाऊन परत आल्याचे, आणि तेही दोन्ही बाजूंना. न उचललेल्या कॉलचे फॉरवर्डिंग भारतातल्या दुसऱ्या क्रमांकावर लावून ठेवले असेल, तर एकही शब्द न बोलता दुहेरी आकार बसू शकतो. निघण्यापूर्वी ते बंद करणे हा बचतीचा बिनखर्ची उपाय आहे, म्हणूनच बहुधा तो कोणी सांगत नाही.

महोदयांना सर्वांत मोठा धक्का युरोपीय संघाने दिला. 2007 मध्ये संघाने कमाल दर ठरवला: केलेल्या कॉलला मिनिटाला 49 सेंट, आलेल्या कॉलला 24 सेंट, कर वेगळा. 15 जून 2017 पासून सदस्य देशांमध्ये फिरताना घरचाच दर लागू झाला, आणि ही व्यवस्था आता 2032 पर्यंत वाढवलेली आहे. ही सवलत संघातल्या देशांच्या सिमला आहे, भारतीय सिमला नाही. म्हणून फ्रान्समध्ये घेतलेले सिम पुढे इटलीत, ऑस्ट्रियात तसेच वापरता येते. फक्त वाजवी वापराची मर्यादा पाहावी लागते.

तरीही महोदयांनी हताश होऊ नये, स्वित्झर्लंड शाबूत आहे. हा देश संघात नाही, आणि महाराष्ट्रातून निघणारी युरोपची सहल त्याच्याशिवाय पुरी होत नाही. बसने सीमा ओलांडली तेव्हा मंडळी पेंगत असतात, फोन मात्र इमानाने स्विस नेटवर्क पकडतो. ‘युरोप’ असे लिहिलेल्या सिमच्या किंवा पॅकच्या यादीत स्वित्झर्लंड आहे का, हे खरेदीपूर्वी पाहिले की महोदयांचे हे ठाणेही पडते. युरोपीय संघ सोडल्यानंतर ब्रिटनबाबतही हीच खबरदारी लागते. समुद्रपर्यटनाच्या जहाजावर आणि काही विमानांत उपग्रहावर चालणारे नेटवर्क असते. नेहमीच्या पॅकमध्ये ते बहुधा धरलेले नसते. तिथे फोन फ्लाइट मोडवर ठेवणे उत्तम.

सर्वसाधारण प्रवाशाला पुरेल अशी व्यवस्था दोन सिमची आहे. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्यायचे, कारण बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो आणि आलेल्या एसएमएसला सहसा आकार नसतो. त्याच सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवायचे. डेटासाठी स्थानिक सिम किंवा ई-सिम घ्यायचे. व्हॉट्सॲप जुन्याच क्रमांकावर चालू राहते. नवे सिम घातल्यावर ‘क्रमांक बदलायचा का’ या प्रश्नाला नकार द्यावा. आवाजी कॉलला डेटा थोडा लागतो, व्हिडिओ कॉलला कितीतरी जास्त. फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप तर गुपचूप सारा डेटा फस्त करतो, म्हणून तो हॉटेलच्या वाय-फायवर सोपवावा.

दुबईला जाणाऱ्यांचे गणित मात्र निराळे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून संदेश जातो, कॉल लागत नाही. तिथे परवानगी असलेले बोटिमसारखे ॲप दोन्हीकडे असावे लागते. इतर देशांतून बोलताना घरच्या आजोबांकडे फक्त लँडलाइन असेल, तर पूर्वी स्काइप कामी येई. ते 5 मे 2025 रोजी बंद झाले, पण इंटरनेटवरून साध्या क्रमांकाला फोन जोडून देणाऱ्या इतर सेवा आहेत. मुक्काम दोन दिवसांचा असेल आणि कामाचे फोन भारतीय क्रमांकावरच येणार असतील, तर कंपनीचा रोमिंग पॅक घेणे सोयीचे पडते. तेवढे उत्पन्न महोदयांकडे राहू द्यायला हरकत नाही.

कळावे. लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

भारतीय प्रवासी